आमच्या ह्यांची एक्झिक्युटरकी

मंडळाच्या हळदीकुंकवाला आम्ही बायका जमलो की नवऱ्यांचे किस्से निघतात. पण वर्षभरात माझ्याकडे जेवढे साठलेत, तेवढे कुणाकडे नसतील. सांगताना हसायला येतं खरं, पण लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होतं!

त्याचं असं झालं, ह्यांचे मोठे भाऊ दत्तण्णा. त्यांनी मृत्युपत्र केलं आणि ते पार पाडायला एक्झिक्युटर म्हणून ह्यांना नेमलं. जे. पी. नगरचं घर सुमाक्का, म्हणजे माझी मोठी जाऊ, आहे तोवर तिचं. मग त्यांच्या मुलाचं, विनयचं. आधीच बोम्मसंद्राच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला माणूस! अंगात आलंच.

•

दत्तण्णा चांगले हयात होते, तेव्हाच हे त्यांच्या घरी पेंटरला झापायला लागले. "हा रंग नको! मी एक्झिक्युटर आहे!"

दत्तण्णांनी पेपरातून डोकं वर काढलं. "श्रीधर, स्वल्प थांब. मला आधी मरू तरी दे!"

मी स्वयंपाकघरात पळाले.

•

दत्तण्णा गेले. तेराव्याला शेजारचे गौडा डोळे पुसत दत्तण्णांच्या स्कूटरवरून हात फिरवत होते. ह्यांना उमाळा आला. "घेऊन जा, सर!"

मृत्युपत्र करून देणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, "स्कूटर काय, चमचासुद्धा तुम्हाला असा देऊन टाकता येत नाही. परत आणा."

परत मागायला कोण गेलं? मी! तोवर गौडांनी तिची पूजा करून हार घातला होता. हारासकट ढकलत आणली. अख्खी गल्ली बघत होती.

•

विनय इंदिरानगरहून आला. "काका, आईला माझ्याकडे नेतो. हे घर ऑफिसला भाड्याने देऊ."

हे टेचात म्हणाले, "परवानगी आहे!"

दुसऱ्या दिवशी एजंट हजर. ह्यांनीच कौतुकाने कळवलं होतं, तेवढ्यात वकीलबाईंचा फोन. "मृत्युपत्रात लिहिलंय तेवढंच करायचं, बदलायचं नाही! अक्कांना राहायचंय तोवर त्या राहतील."

"सरी, बरं, नंतर बघू," म्हणत ह्यांनी एजंटला वाटेला लावलं. अक्का दाराआडून सगळं ऐकत होती. तुला काय हवंय, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

•

मग ह्यांनी ठरवलं, आता सगळं कायद्याने! मालमत्ता सांभाळणं एक्झिक्युटरचं कामच. देवघरातल्या चांदीच्या मूर्ती विनयच्या नावे होत्या, म्हणून देवघरालाच कुलूप. किल्ली ह्यांच्या खिशात.

संध्याकाळी अक्काचा फोन. "भावजी, दिवा लावायचा होता. किल्ली कधी मिळेल?"

स्वतःच्या घरात, हो! मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ह्यांच्याकडून किल्ली हिसकावली आणि अक्काच्या हातात नेऊन ठेवली. ती मलाच "थँक्यू" म्हणाली.

•

परवा आम्ही दोघं मुद्दाम माफी मागायला गेलो. अक्काने फिल्टर कॉफी केली, आमच्या हातात दिली आणि भिंतीशी उभी राहिली.

हे म्हणाले, "वहिनी, उभ्या का? बसा की!"

तिने हॉलभर नजर फिरवली.

"बसते हं, भावजी. यातल्या कुठल्या खुर्चीवर बसलेलं चालेल?"