आधी वजन, मग सुई

आमच्या दवाखान्यात टाके घालायच्या खोलीत शिरायचं तर आधी शेवंतामावशींच्या वजनकाट्यावर उभं राहावं लागतं. मग तुम्ही नगरसेवक असा नाहीतर नगरसेवकाचे मेहुणे. "चपला काढा, मोबाईल काढा, आन् पोट आत घेऊ नका, त्यानं वजन कमी हुत न्हाई," हे सगळ्यांना सारखंच. आलेला आकडा मावशी पेशंटच्या कागदावर स्वतःच्या हातानं ठळक लिहितात. त्या आया आहेत, नर्स नाहीत. नर्स मी आहे, अक्षता. तरी त्या खोलीत हुकूम त्यांचाच चालतो, आणि याचा कुणाला राग येत असेल तर त्यानं तो घरी जाऊन काढावा.

मावशींचं वय अठ्ठावन्न, घर कसबा बावड्यात. नवीन आलेल्या पोरी त्यांना खाष्ट म्हणतात. म्हणू देत. त्या काट्यापाशी का बसतात हे त्या पोरींना ठाऊक नसतं.

प्रसेनजीत हा त्यांचा एकुलता मुलगा. पेठेतल्या तालमीत होता, अडुसष्ट किलोचा गडी. मग त्याला कावीळ झाली, तीन महिने अंथरुणावर गेले, कुस्ती सुटली आणि पोरगं एकावन्न किलोवर आलं. बरा झाल्यावर तो एका पत्र्याच्या कारखान्यात लागला. सात वर्षांपूर्वी तिथं पत्रा निसटला आणि त्याचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटला. जवळ डॉ. विजयसिंह यांचा छोटा दवाखाना होता, तिथं त्याला नेलं. बातमी ऐकून तालमीतली चार पोरं आली, आणि त्यांच्या मागून धावत मावशी.

"काय पैलवान, वजन किती?" डॉक्टरांनी विचारलं.

आता कोल्हापुरात पैलवानाला चारचौघांत वजन विचारणं म्हणजे त्याची अब्रू विचारणं. दारात जुने जोडीदार उभे. त्यांच्यासमोर एकावन्न कोण सांगेल? प्रसेनजीत छाती काढून म्हणाला, "अडुसष्ट."

"न्हाई ओ डॉक्टर," मावशी म्हणाल्या, "पोरगं आजारात लई उतरलंय. काट्यावर घ्या की एकदा."

काटा कोपऱ्यात होता. त्यावर फायलींचा ढीग होता. डॉक्टर म्हणाले, "बाई, डॉक्टर मी की तुम्ही? बाहेर थांबा."

हात बधिर करायला त्यांनी पंधरा मिली लिग्नोकेन टोचलं. पोरगं अजून दुखतंय म्हणालं, तर आणखी दहा. सुई आत गेली की दट्ट्या जरा मागे ओढून बघायचा असतो. रक्त आलं तर सुई शिरेत आहे, औषध ढकलायचं नाही. आम्हाला हे पहिल्याच वर्षी शिकवतात. त्यांनी ओढून बघितलं नाही. प्रसेनजीत म्हणायला लागला, ओठाला मुंग्या आल्यात, कानात शिट्टी वाजतीया, तोंडात लोखंडाची चव येतीया. औषध रक्तात जास्त झाल्याच्याच या खुणा. मावशी दाराबाहेरून सगळं ऐकत होत्या. डॉक्टर हसून म्हणाले, "पैलवान असून सुईला भितोस होय रे?" मग त्याची जीभ जड झाली, मग झटके सुरू झाले. ऑक्सिजनचं सिलिंडर होतं, पण रिकामं. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत पोरगं गेलेलं होतं.

चौकशी झाली. विजयसिंहांच्या मित्रांनीच केली, उंदराला मांजर साक्ष. कागदावर लिहिलं, औषधाची ऍलर्जी. ऍलर्जी म्हटलं की दोष मेलेल्याच्या अंगात निघतो आणि जिवंत माणूस जेवायला मोकळा होतो.

मावशींनी दगड मारला नाही की शिव्या दिल्या नाहीत. वर्षभरानं त्या आमच्याकडे आया म्हणून लागल्या. फरशी पुसता पुसता मला विचारायच्या, "ह्या बाटलीत किती असतंय? दोन टक्के मंजे काय?" सातवी शिकलेली बाई, हिशेबाला पक्की. मी सांगत गेले. दोन टक्के म्हणजे एका मिलीत वीस मिलिग्रॅम. साधं लिग्नोकेन किलोमागं साडेचार मिलिग्रॅमच्या वर द्यायचं नाही. आठवड्याभरानं त्या बादली खाली ठेवून म्हणाल्या, "एकावन्न किलोला साडेअकरा मिली. त्यानं पंचवीस दिलं." त्या दिवशी मला पहिल्यांदा सगळी हकीकत कळली.

"मग आता काय करायचं म्हणता?" मी विचारलं.

"सूड घेणार," भाजी काय आणायची हे सांगावं तशा त्या बोलल्या. "कसा ते ठरलं न्हाई. पर आदी मला त्याच्यापरीस जास्त म्हाईत पायजे."

पाच महिन्यांपूर्वी विजयसिंहांचा दवाखाना बंद पडला आणि ते आठवड्यातले चार दिवस आमच्याकडे यायला लागले. त्यांनी मावशींना ओळखलंसुद्धा नाही. मला मात्र मावशींचा तो सूड आठवला. इंजेक्शनचा ट्रे मावशींच्या हातात असायचा. मी औषधाच्या कपाटाची किल्ली कमरेला बांधून फिरायला लागले. दुसऱ्याच दिवशी त्या म्हणाल्या, "किल्ली लपवतीस व्हय पोरी? पेशंटच्या जिवाशी खेळायला मी काय विजयसिंह हाय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी सम्राट नावाचा पोरगा आला, पैलवानच, गुडघ्याखाली लांब जखम. बरोबर त्याचे वस्ताद आण्णा. वजन किती म्हटल्यावर सम्राट म्हणाला, ऐंशी. काट्यानं सांगितलं, बहात्तर.

"आण्णा, आखाड्यात सांगा ऐंशी. हितं न्हाई," मावशी म्हणाल्या. वस्तादांनी मान खाली घातली.

विजयसिंह घाईत होते. "वीस मिली भरून ठेवा," त्यांनी मला सांगितलं. मावशींनी ट्रेवर हात ठेवला.

"डॉक्टर, आदी मोठ्यानं म्हणा. वजन किती, औषध किती टक्क्याचं, आन् जास्तीत जास्त किती चालतंय."

"मावशी, तुम्ही मला शिकवणार?"

"व्हय. म्हणा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "म्हणा सर, मीपण ऐकतेय."

ते दात खाऊन म्हणाले, "बहात्तर किलो. दोन टक्के. सोळा मिली." आणि सुई टोचली.

"दट्ट्या वडा," मावशी म्हणाल्या.

त्यांनी ओढला. सिरिंजमध्ये रक्ताची लाल रेघ चढली. डॉक्टरांनी सुई काढली, नवी घेतली, दुसऱ्या जागी टोचली, ओढून बघितलं आणि मग थोडं थोडं औषध सोडलं. मावशी सम्राटला दर मिनिटाला विचारत होत्या, ओठाला मुंग्या येत्यात का, कानात वाजतंय का. टाके पुरे झाल्यावर विजयसिंहांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"प्रसेनजीतची आई. सात वर्सामागं तुमी मला भाईर थांबवलं हुतं. आता मी आत हाय."

आण्णा वस्ताद त्या जुन्या तालमीला ओळखत होते, त्यांना नाव पुरलं. दुसऱ्या दिवशी पेठेत सगळ्यांना कळलं होतं.

मग रोज तेच. दर पेशंटला, दर सुईला, विजयसिंहांनी मोठ्यानं म्हणायचं. न विचारता बरोबर म्हटलं तरी मावशी म्हणायच्या, "ऐकू आलं न्हाई." आणि ते परत म्हणायचे, शाळेत बाकावर उभं केलेल्या पोरासारखे. त्यांनी दवाखाना चालवणाऱ्या आमच्या मॅडमकडे तक्रार केली. मॅडमनी ऐकून घेतलं आणि सगळ्या डॉक्टरांसाठी तोच नियम भिंतीवर लावला. विजयसिंह खंगत गेले. जेवणाचा डबा तसाच परत न्यायचे. मला त्यांची दया आली का? नाही. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

चार महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला, गडहिंग्लजच्या एका दवाखान्यात जाणार होते. शेवटच्या दिवशी पेशंट संपल्यावर ते मावशींसमोर आले आणि हात जोडले. "मावशी, पुरे करा आता. माफ करा मला."

मावशींनी हातातला ट्रे खाली ठेवला. मग म्हणाल्या, "करीन. माज्या पोराचं वजन किती हुतं, सांगा."

विजयसिंह गोंधळले. "अडुसष्ट. त्यानं स्वतःच सांगितलं होतं."

"पोस्टमार्टेमच्या कागदावर एकावन्न हाय," मावशी म्हणाल्या. "सात वर्सांत तुमी त्यो कागद वाचलासुदिक न्हाई."

डॉक्टर बॅग उचलून गेले. मावशींनी ट्रे धुवून पालथा घातला आणि हात पुसत माझ्याकडे वळल्या.

"अक्षता, गडहिंग्लजला चाललाय न्हवं त्यो? त्या दवाखान्यात आयाची जागा हाय का, इचार की."

मी तिथल्या ओळखीच्या नर्सला फोन लावला. जागा होती.