चोविसाव्या दिवसाचं गाणं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. चार वर्षं झाली. गोष्ट एका मजेच्या महिन्याची आहे, त्यामुळे ऐकताना तुला मध्येमध्ये हसू येईल. खुशाल हस. मलाही अजून येतं — तीच तर पंचाईत आहे.

मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर प्रधान मॅडम राहतात, शाळेतून रिटायर झालेल्या संगीत शिक्षिका. त्यांनी एका एप्रिलमध्ये टूम काढली — तीस दिवस, तीस गाणी. रोज एक नवं गाणं, शब्द आपले, चाल आपली, आणि संध्याकाळी आठच्या आत रेकॉर्ड करून ग्रुपवर. अकरा जणांनी नावं दिली. त्यातला मी एक. मी पवईच्या ऑफिसांमधल्या लिफ्ट सांभाळतो. गाण्याशी संबंध म्हणशील तर पेटीचा. वडील कणकवलीकडचे, गिरणीत कामाला आणि सुट्टीला भजनी बुवा. त्यांच्याकडून पेटी मला आली, आणि गळा माझ्या ताईला.

काय सांगू, तो महिना कसा गेला! पहिल्या दिवशी मी एसीवर बसणाऱ्या कबुतरांवर गाणं केलं. मग सोसायटीच्या टाकीवर, ओटीपीवर, दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टवर. मीनाच्या — म्हणजे बायकोच्या — हरवलेल्या चष्म्यावरचं गाणं तर इतकं चाललं, की वॉचमनसुद्धा गुणगुणायला लागला. "घराची पार वाट लावलीय या माणसाने," असं मीना सगळ्यांना सांगत फिरायची, आणि सांगताना तिचा चेहरा बघायला हवा होतास. बावन्नाव्या वर्षी मला कळलं की आपल्याला हे जमतं. झकास जमतं! सकाळी दाढी करताना ओळी सुचायच्या. मी इतका खूश याआधी कधी होतो? लग्नात असेन कदाचित.

विसाव्या दिवसापर्यंत चार जण उरले. तेविसाव्याला दोन — प्रधान मॅडम आणि मी. आणि चोविसाव्या दिवशी...

थांब, आधी ताईबद्दल सांगतो. सुमनताई, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. चेंबूरला राहते, तिथेच तीस वर्षं पाळणाघर चालवलं. तिच्या महिला भजन मंडळासाठी गाणी तीच रचते. कागदावर एक अक्षर नाही, सगळं डोक्यात. नवं काही सुचलं की मला आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. मी पेटीवर वाजवून बघायचो, पट्टी सांगायचो. वर्षानुवर्षं हा आमचा शिरस्ता. त्या वर्षी तिने अठ्ठावन्नाव्या वर्षी स्कूटी शिकायला घेतली होती. दोनदा पडली, गुडघे फोडून घेतले, आणि लायसन काढलं.

त्या चोविसाव्या दिवशी सकाळी तिचा आवाज आला — "नंद्या, आयक रे. चाल बसता काय सांग." आणि पुढे गाणं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी माझी हौस फुलली गं,
स्कूटीवर बसले, भीती मागं राहिली गं...

मी पवईत लिफ्टच्या मशीन रूममध्ये उभा राहून एकटाच हसलो. काय गाणं होतं! शेवटच्या कडव्यात तिचं नाव — सुमन म्हणे, बायांनो, आता मागे बसा गं, हॉर्न मी वाजवते, तुम्ही खुशाल हसा गं. आमच्या भजनात हा रिवाजच आहे. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. दुसऱ्याचं पद गाताना ते नाव गाळायचं नाही, हे वडिलांनी आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवलं होतं.

त्या दिवशी मला काही म्हणता काही सुचलं नाही. सात वाजले. पेटी समोर होती. तिची चाल बसते का ते बघायला म्हणून मी वाजवायला लागलो — नाही, हे खोटं आहे. बसलो तेव्हाच मला माहीत होतं.

'माझी हौस'च्या जागी 'ताईची हौस' केलं. 'बसले'चं 'बसली' केलं. आणि शेवटी 'सुमन म्हणे' होतं, तिथे 'ताई म्हणे' घातलं. तिला ताई म्हणणारा जगात एकटा मीच आहे ना? झालं, गाणं माझं झालं. दहा मिनिटं लागली असतील. साडेसातला ग्रुपवर टाकलं.

लोक वेडे झाले. बहिणीवर भावाने इतकं गोड गाणं लिहावं! प्रधान मॅडमनी लिहिलं की डोळ्यांत पाणी आलं. आणि मला वाईट वाटलं का? नाही. मला फार छान वाटलं. पुढची सहा गाणी तर धो धो आली. ती माझीच होती, शपथ घेऊन सांगतो. पण या शपथेला आता काय किंमत?

ताईला मी दुसऱ्या दिवशी कळवलं — चाल बसते, पट्टी काळी दोन घे.

तिसावं गाणं झालं, त्याच्या पुढच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. मीनाने ताईला बोलावलं. मला न विचारता, आनंदाने. ताई चेंबूरहून स्कूटीवर आली, हेल्मेट काखेत धरून पहिल्या रांगेत बसली. मी चष्म्याचं गाणं म्हटलं, टाकीचं म्हटलं. मग मागून फर्माईश आली — स्कूटी! स्कूटी!

माझ्या हातात माइक होता. एक वाक्य पुरलं असतं. हे हिचं आहे, एवढंच. हॉल हसला असता, टाळ्या वाजल्या असत्या, ताईच उठून गायली असती. इतकं सोपं होतं. मी काय केलं? खाली उतरलो, तिचा हात धरून तिला उभी केली आणि म्हणालो, हीच ती माझी ताई! आणि गायलो. सगळी कडवी.

ती उभी होती. तिने लोकांना हात जोडले. प्रधान मॅडमनी तिच्यापुढे माइक धरला तेव्हा म्हणाली, "भाऊ माझा लहानपणापासून हुशार." आवाजात काही नव्हतं, ना राग ना काही. मग जेवली, दोनदा श्रीखंड घेतलं, मीनाशी गप्पा मारल्या. निघताना हेल्मेटचा पट्टा लावत मला एवढंच म्हणाली, "चाल बरी बसयलंस हां."

तिचा फोन अजून येतो. बीपीची गोळी, फणसाची भाजी, स्कूटीचं पंक्चर, सगळ्याला येतो. भांडते, चिडवते, पूर्वीसारखीच. गाणं मात्र त्यानंतर एकही आलेलं नाही.

मीनाने त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ नातेवाइकांना पाठवला होता, तो फिरत फिरत चेंबूरच्या बायकांपर्यंत पोचला. गेल्या महिन्यात ताईच्या बिल्डिंगमध्ये सत्यनारायण होता. मंडळाचा पेटीवाला आला नव्हता, म्हणून ताईने मला पेटीवर बसवलं. भजनं रंगली. एक बाई उठून म्हणाली, आता आमच्या सुमनच्या भावाचं गाणं! बायकांनी टाळ्या वाजवल्या, मला गुलाब दिला. मी तो घेतला.

ताईने गाणं उचललं. साठी उलटली तरी आवाज तसाच खणखणीत. बायका मागे म्हणत होत्या, त्यांना सगळं पाठ होतं — व्हिडिओतल्यासारखं. शेवटचं कडवं आलं. ताई माझ्याकडे न बघता, हसत हसत, टाळी देत गायली — ताई म्हणे, बायांनो, आता मागे बसा गं. स्वतःच्या गाण्यात, स्वतःच्या तोंडाने. ती अडखळली नाही. मी पेटीवर साथ करत होतो, आणि माझाही सूर कुठे चुकला नाही.