शेवटच्या जोडाची सुतळी

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते.

उंब्रजला आलात आणि कृष्णेकाठी पाणी उपसणाऱ्या इंजिनाची ठकठक ऐकू आली, तर समजा मी तिथंच आहे. गाव मला इंजिनवाला जगू म्हणतं. आमच्या बाजूच्या मळ्यांतल्या मोटा थांबल्या, बैल मोकळे झाले, ऊस डोक्याच्या वर गेला — आणि याचं कौतुक माझ्या वाट्याला येतं. लढाईवर गेला आणि शिकून आला, म्हणतात. आई तर दारात येईल त्याला ऐकवते, "आवं, साहेबानं अख्ख्या बोटीतनं माज्या लेकालाच निवडला!" मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, पोरगं किती गरीब स्वभावाचं आहे!

निवडलं होतं ते हसनला.

हसन कराडचा. बाप पत्र्याचे डबे आणि कंदील करायचा. आरमाराच्या भरतीत आमची गाठ पडली आणि दोघांची नेमणूक एकाच बोटीवर झाली. लहानशी बोट होती, जखमी शिपायांना बंदरातल्या दवाखान्यात पोचवायची. मी सुटीत पाय पसरून झोपायचो, आणि हा इंजिनघराच्या दारात उभा. "जगू, हिकडं ये रं, त्याचा आवाज ऐक. लय गोड चालतंय!" मला तेलाच्या वासानं मळमळायचं. बोटीवरच्या साहेबाच्या मात्र ते नजरेत भरलं. मुंबईला इंजिनाचं शिक्षण घ्यायला आमच्या बोटीतून एक माणूस जायचा होता, आणि नाव हसनचं ठरलं. त्या दिवशी त्यानं घरून आलेले शेंगदाण्याचे लाडू सगळ्या बोटीत वाटून टाकले.

आता खरं सांगायचं म्हणजे — थांबा, जरा दमानं सांगतो. इथंच मी दरवेळी अडतो.

मुंबईला जायच्या आधी त्याच्याकडे एक काम आलं. बोटीच्या संडासाच्या रबरी नळ्या कुजल्या होत्या, वास जखमींच्या खोलीपर्यंत येत होता. त्या काढून नव्या घालायच्या. हाताखाली मी. नव्या नळीचं तोंड गरम पाण्यात बुडवून मऊ करायचं, लोखंडी नळावर पार आतपर्यंत सरकवायचं आणि वरून दोन पत्र्याच्या पट्ट्या स्क्रूनं आवळायच्या. हसन ते हसत-हसत करत होता, मी नाकाला फडकं बांधून हत्यारं देत होतो. आमच्या गावात हे काम करणारी माणसं वेगळी. त्यांना आम्ही लांबूनच हाक मारायचो, आणि त्यात काही वावगं आहे असं आमच्या घरात कुणाला कधी वाटलं नाही. मलाही नाही. तुम्हाला वाटलं असतं का? — जाऊ द्या, प्रश्न माझा आहे.

एकच जोड उरला आणि गरम पाणी हसनच्या हातावर सांडलं. तो मलमपट्टीला निघाला. "येवडा लावून टाक गड्या. पट्ट्या तितं हायत."

तो जोड अगदी कोपऱ्यात होता. दोन्ही हातांनी नळी धरायची, तोंड पार जवळ न्यायचं. माझ्यानं होईना. मी नळी अर्धीमुर्धी सरकवली, आणि लांबूनच तिच्यावर सुतळीचे वेढे घालून गाठ मारली. कसली गाठ? मोटेच्या सोंडेला मारतात ती! आमच्याकडे विहिरीवर कातड्याची सोंड अशीच बांधतात. ओली झाली की सुतळी आवळते आणि हंगामभर हलत नाही. मला तर आपण हुशारी केली असंच वाटलं. पट्ट्या खिशात घातल्या. हसननं विचारलं, "झालं?" मी म्हणालो, "झालं." त्यानं जाऊन पाहिलंसुद्धा नाही. जगूनं केलंय म्हणजे झालं, एवढा त्याचा विश्वास.

मोट सदा ओली असते. बोटीवर त्या जोडामागं इंजिनघराची तापलेली भिंत होती. सुतळी वाळली, सैल पडली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संडासाच्या पंपाच्या जोरानं नळी सुटली. सगळी घाण जखमींच्या खोलीत. खाली चटईवर झोपलेले, ज्यांना उठता येत नव्हतं असे शिपाई त्यात पडले होते. त्यांतला एकजण नुसता छताकडे बघत राहिला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

हसन माझ्याआधी पोचला. त्यानं गाठ पाहिली. कृष्णाकाठचा माणूस तो, गाठ कुणाची हे त्याला सांगायला लागत नव्हतं. त्यानं चाकूनं सुतळी कापली आणि साहेब खाली येण्याआधी समुद्रात टाकून दिली. का टाकली? मला वाचवायला? — मी कधी विचारलं नाही.

साहेबानं विचारलं, "हा जोड कोणी लावला?" हसननं माझ्याकडे पाहिलं. त्यानं मला बोलायला वेळ दिला हो, भरपूर दिला. आणि मी म्हणालो, "मी नुसती हत्यारं देत होतो, साहेब."

झालं. हेच ते. एवढं एक वाक्य.

हसननं तोंड उघडलं नाही. त्याचं मुंबईला जाणं रद्द झालं आणि लढाई संपेपर्यंत त्याला बोटीचा तळ घासायला लावलं. जागा मोकळी राहू नये म्हणून मला पाठवलं. मी गेलो! मला ‘नाही’ म्हणता आलं असतं, तरी गेलो. मी इंजिन शिकलो आणि आज ज्यावर माझं घर चालतं ते सगळं त्याच्या वाटणीचं आहे. हसन कराडात बापाच्या दुकानात बसून डबे ठोकतो.

गेल्या आठवड्यात सगळं कबूल करायचं ठरवून मी कराडला गेलो. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, आणि माझी जीभ पुन्हा टाळ्याला. तेवढ्यात त्यानंच विचारलं, "जगू, थंडीत तुजं इंजन लवकर धरत न्हाई म्हंत्यात, तवा काय करतोस रं?" मी सांगू लागलो. त्यानं हातातली हातोडी खाली ठेवली. एकावर एक असे काही प्रश्न विचारले, की दोनाची उत्तरं मलाही आली नाहीत. त्याचे डोळे बोटीवरच्यासारखेच चमकत होते. मला वाटलं होतं, ती चमक मी विझवून टाकली. नव्हती विझली! परतीच्या वाटेत सायकलवर मला रडू आलं, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं.

गावात दुसरं इंजिन आलंय. उद्या नदीवर ते सुरू करायचं, आणि त्याच्यावर माणूस नेमायचं गावानं माझ्यावर सोपवलंय. मी हसनला बोलावलंय. तो फक्त बघायला येतोय, असं त्याला वाटतं. सगळे जमले की आधी मी हे तुम्हाला सांगितलं तसंच सांगणार आहे, आईसमोर, मोठ्यानं. मग इंजिन सुरू करायचं हँडल त्याच्यापुढं धरणार. ते घ्यायचं, की माझ्या तोंडावर थुंकून कराडची वाट धरायची, हे त्याचं तो ठरवील.