मोहरीच्या बांधावरच्या मधमाश्या

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

यंदा ह्यांची दिल्लीची सरकारी नोकरी संपते. मला वाशीमकडे, आपल्या शेतावर परत जायचंय. हे म्हणतात, "तिथे जाऊन करणार काय?" मी एकदा बोलून गेले, मधमाश्या पाळू. म्हणून रविवारी आम्ही माश्या पाळणाऱ्यांच्या एका मंडळात शिकायला निघालो. परक्या माणसांत मला बोलता येत नाही, तर हे सोबत आले.

मेट्रोने गुरुग्राम, बसने मानेसर, पुढे शेअर ऑटो. कारखान्यांच्या भिंती संपल्या आणि एकदम पिवळं दिसलं. सरसों (मोहरी) फुलली होती. बांधावर डिब्बे (मधमाश्यांच्या पेट्या) मांडलेले. ऊन चढेपर्यंत पेट्या उघडत नाहीत, म्हणून आम्ही आधी शिकरण-पोळी खाऊन घेतली.

शिकवणारे बलबीरजी तिथलेच शेतकरी. त्यांनी पेटीला धूर दिला, माश्यांनी भरलेली एक चौकट अलगद वर काढली. "रानी ढूँढो."

मी वाकून बघू लागले. हे कानाशी म्हणाले, "घरी एक आहे, ती पुरे."

तेवढ्यात माश्यांचा आवाज चढला. ह्यांच्या बोटाला एक चावली, लगेच दुसरी.

"केला किसने खाया?" बलबीरजी ओरडले. केळ्याच्या वासाने माश्या चवताळतात म्हणे. शिकायला आलेले सगळे हसले आणि आम्हाला ट्यूबवेलवर हात धुवायला पिटाळलं.

"झालं शिकून. चल घरी," हे बोट चोळत म्हणाले.

"तुम्ही बसा. मी ती चौकट धरूनच येते."

चौकट हातात घेतली. एवढ्या थंडीत ती कोमट होती. मेणाच्या घरांच्या तळाशी कणीहून बारीक अंडी. माझा हात हलला नाही.

"बहनजी, हाथ अच्छा है आपका. गाँव में फूल क्या-क्या हैं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी चौकट बलबीरजींच्या हातात परत दिली.

परतताना ऑटोत मात्र आठवत गेलं. तीळ, बांधावरच्या बोरी, तूर, आंब्याचा मोहोर, मग विहिरीजवळचा कडुलिंब. मी मोठ्याने बोलतेय, ते समोरची बाई बघायला लागली तेव्हा कळलं. इतकी वर्षं दिल्लीत काढली, पण कोणतं फूल कधी येतं ते एकही विसरले नव्हते.

हे सुजलेलं बोट धरून बाहेर बघत होते. मान न वळवता म्हणाले,

"करडई राहिली."