वाघाला लागलेलं कुंकू

राष्ट्रीय उद्यानांची टपाल तिकिटं मी बरीच वर्षं जमवतो आहे. जंगल ज्या साली राखीव झालं, त्या क्रमानं ती लावतो. पानं उलटली की देशानं एकेक जंगल कसं राखलं ते दिसत जातं. यंदा हा संग्रह मी प्रथमच पिंपरीतल्या स्पर्धेत मांडणार होतो.

खंडेनवमीला चाकणच्या कंपनीत मशीनची पूजा उरकून मी मोशीला घरी आलो. आईनंही पूजा मांडली होती. पाना, पक्कड, शिलाई मशीन आणि शेजारी माझा उघडा अल्बम. पहिल्याच पानावर तिकिटातल्या वाघाच्या कपाळाला कुंकवाचं बोट लागलं होतं.

"आई, अगं हे काय केलंस?"

"तुझं हत्यारच ना ते? आणि देवीचा वाघ नवरात्रात मोकळ्या कपाळाचा ठेवू?"

बायको तोंडावर हात धरून हसत होती. डागाळलेल्या तिकिटाचे गुण कापतात आणि ते तिकीट माझ्याकडे एकच होतं. पान काढावं, तर पहिलंच जंगल गळत होतं. शेवटी मी पान ठेवलं आणि खाली खरं ते लिहिलं, "कुंकू खंडेनवमीच्या पूजेचं."

परीक्षकांनी गुण कापले. नियमानं ते बरोबरच होतं. बक्षीस हुकलं, पण गर्दी आमच्याच टेबलापाशी होती.

"राव, आमच्या लेथ मशीनला पण असंच कुंकू असतं," एक जण म्हणाला.

"मीच लावलंय," सोबत आलेली आई प्रत्येकाला सांगायची आणि लगेच पुढचं जंगल उलटून दाखवायची.