डब्याला आलेला पोचा

फोनवर शमीमआपाचं नाव दिसलं म्हणून मी हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झाले, "आपा, कपाळ सुजून टम्म झालंय गं, एक डोळा उघडत नाहीये..." पलीकडून आवाज आला तो तिच्या धाकट्या भावाचा, सलीमचा. "वंदनाताई," एवढंच तो म्हणाला. मला वाटलं, आपा शेजारी बसून हसत असेल, असल्या खोड्या तिला भारी आवडायच्या. मग तो म्हणाला, "आपा गेली, ताई. दुपारी चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेईपर्यंत..." आणि मी त्याला विचारलं, "कुठली आपा?" इतकं वेड्यासारखं मी विचारलं, कारण माझ्या डोक्यात ते बसतच नव्हतं. आदल्या दिवशीच्या अपघातात लागलं होतं मला. टाके मला पडले होते. तिला तर काहीच झालं नव्हतं.

वळ गावातल्या एका गोदामात आम्ही दोघी पॅकिंगला होतो, समोरासमोरच्या टेबलांवर. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, नवऱ्याच्या मागे अम्मीला सांभाळून राहणारी, आणि जिभेला हाड नसलेली. माझ्या सुकटीच्या चटणीवर तिचा जीव, तिच्या अम्मीच्या हातच्या सांदणांवर माझा, म्हणून जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबेच बदलायचो. मग एक दिवस तिचा डबा माझ्या घरी मुक्कामाला, माझा तिच्या, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही भरून परत. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हा तिच्याही घरचा नियम आणि माझ्याही. मी जन्माची भित्री. धामणकर नाक्यावरच्या शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या बाजूला चौथी सीट म्हणून अर्धं बाहेर लटकायचं, आणि शेजारून कंटेनरची चाकं अशी जायची की हात लांब केला तर टेकेल. "भित्री भागूबाई," आपा म्हणायची, आणि स्वतः त्या चौथ्या सीटवर जाऊन बसायची. शेवटी मीच हट्ट धरला की घरी जाताना ॲपवरून शेअर गाडी करू या, गाडीला निदान दारं असतात. त्यावर ती हसली होती. "दारं असली म्हंजे मौत काय बेल वाजवून येते का गं?"

त्या दिवशी ड्युटी सुटल्यावर आम्ही गाडी केली. मला गाडी लागते म्हणून खिडकी माझी, दुसऱ्या खिडकीशी आधीपासून एक गृहस्थ बसलेले, आणि मधली सीट आपाची. मांडीवर पिशवी, पिशवीत माझा स्टीलचा डबा, कारण त्या दिवशी तो तिच्याकडे जायचा होता. मागच्या बेल्टची बकलं सीटकव्हरच्या खाली कुठंतरी गाडलेली. ती शोधायची असतात हे आमच्या कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पुढचा ट्रक थांबला, आमची गाडी थांबली नाही. फार मोठा आवाज झाला नाही, काच फुटली नाही, गाडी उलटली नाही. मी समोरच्या सीटवर कपाळानं आपटले आणि डोळ्यांवर रक्त ओघळलं. आपा दोन सीटांच्या मधल्या फटीत पुढं फेकली गेली होती, पण ते मी नंतर आठवून आठवून जुळवलं. तेव्हा मला एवढंच कळलं की कुणीतरी स्वतःची ओढणी माझ्या कपाळावर घट्ट दाबून धरली आहे आणि कानाशी म्हणतंय, "न्हाय गं, काय न्हाय, डोळं मिटू नको, माझ्याकडं बघ."

ड्रायव्हर हात जोडून उभा होता. "मॅडम, प्लीज कंप्लेंट मत करना, आयडी बंद हो जायेगी." आपाच त्याला म्हणाली, "जा बेटा, कुछ नहीं हुआ, मैं हूँ ना इसके साथ." ते शेजारचे गृहस्थ कपडे झटकून उतरले, मागून आलेल्या रिक्षात बसले आणि गेलेसुद्धा. त्यांना नंतर कुणी तपासलं असेल का, असा विचार आता येतो आणि मला झोप लागत नाही. जवळच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या डोक्याचा फोटो काढला, बोटं नाचवून किती ते विचारलं, टाके घातले. दारात नर्स म्हणाली, "नातेवाईकांनी बाहेर थांबा." आणि आपा नातेवाईक झाली. माझ्याच गाडीतून, माझ्याच शेजारून आलेली बाई रक्ताळलेली ओढणी घेऊन बाहेर बाकड्यावर बसून राहिली. तुला कुठं लागलं का, हे तिला कुणी विचारलं नाही. डॉक्टरांनी नाही, नर्सनं नाही, मीही नाही.

मी बाहेर आले तेव्हा ती डबा हातात घेऊन हिरमुसली होती. "वंदू, तुझ्या डब्याला पोचा आला बघ. झाकण बसत न्हाय. सलीमला सांगून ठोकून घेते." डब्याच्या पोटात हाताची मूठ बसेल एवढा खोलगट पोचा होता. आम्ही दोघींनी त्या डब्याची हळहळ केली! जाड स्टीलचा डबा ज्या माराने असा आत गेला, तो मार त्याच्यामागच्या माणसानं कुठं घेतला असेल, हे आम्हाला सुचलं नाही. मला घरी सोडताना ती म्हणाली, डावा खांदा दुखतोय, तुला धरून बसले म्हणून असेल. मी पर्समधला बाम काढून तिच्या खांद्याला चोळला. ती माझ्या घरी तांब्याभर पाणी घटाघट प्यायली आणि तिनं आणखी मागितलं. चेहरा पांढुरका दिसत होता, पण दिवसभर उभं राहून काम केल्यावर आमच्यातली कोण गुलाबी दिसते?

नंतर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सलीमला समजावलं. डाव्या बरगड्यांच्या खाली पानथरी, म्हणजे प्लीहा असते, ती मारानं फाटली होती आणि रक्त आतल्या आत, पोटात साचत गेलं होतं. खांद्याला तिच्या काहीच झालेलं नव्हतं. पोटात रक्त साचलं की कधी कधी दुखणं तिथं, डाव्या खांद्यात जाऊन बोलतं. माझं रक्त बाहेर आलं म्हणून दहा माणसं धावली, तिचं आत राहिलं म्हणून तिला कुणी बघितलं नाही... एवढाच काय तो आम्हा दोघींतला फरक.

तेव्हापासून मला भीती वाटते. काही रात्री मी अंथरुणात स्वतःचं पोट दाबून बघायची, खांदा दुखला की घाम फुटायचा. नवऱ्यानं सोनोग्राफी करून आणली, सगळं ठीक निघालं, तरी जिवात जीव आला नाही. म्हणून हे लिहिते आहे, आणि घाबरलेल्या बाईनं लिहिलं आहे असंच समजून वाचा. रिक्षा असो की ॲपवरची गाडी, धडक बसली आणि तुम्ही आपल्या पायांवर उभे राहिलात तर 'काय न्हाय झालं' म्हणून घरी जाऊ नका. कामावर तर मुळीच जाऊ नका. डॉक्टरांना सांगा की मी कुठं बसले होते, मांडीवर काय होतं, कुठं आपटले. आणि ते विचारत नसतील तर आपणहून सांगा. नंतर खांदा दुखला, पोट जड झालं, तहान थांबेना, गरगरलं, अंग गार पडलं, तर बाम चोळत बसू नका, उठून तडक दवाखाना गाठा. आणि ज्याचं रक्त वाहतंय त्याला धरून बसलेल्या माणसालाही कुणीतरी आत न्या.

कपाळाची जखम भरली, पण मी कुठल्याही गाडीत पाय ठेवला नाही. बाजार चालत, दवाखाना चालत, कामावर रजेचे अर्ज. आपाच्या चाळीसाव्या दिवशीही तिच्या घरी चालतच गेले. अम्मीनं जवळ बसवून घेतलं आणि पहिला हात माझ्या कपाळावरच्या खुणेवर ठेवला. "जखम भरली गं, बाय?" त्या घरात पुन्हा माझीच विचारपूस! मला तिथं बसवेना. निघताना अम्मीनं माझा डबा पुढं केला. पोचा तसाच होता, झाकण लागत नव्हतं म्हणून कापडाच्या पट्टीनं बांधलेला, आणि आत सांदणं. "रिकामा कसा देऊ?" ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "तिचा डबा तुझ्याकडं हाय न्हं? मी आता सलीमकडं अंबाडीला चालले. तिकडं घेऊन ये. तूच ये."

अंबाडी गाव चालत जाण्याइतकं जवळ नाही. "मी देऊन येतो," असं नवरा म्हणाला, पण अम्मीनं मला बोलावलं होतं. दोनदा मी चटणी करून डबा भरला आणि दोनदा दारातून परत फिरले. गेल्या रविवारी तिसऱ्यांदा भरला आणि गाडी मागवली. दार उघडून खिडकीशी बसले आणि सीटकव्हर ओढून खाली हात घातला. ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "मॅडम, पीछे कोई नहीं लगाता." धूळ, बिस्किटाचा चुरा, आणि त्याखाली बकल. मी बेल्ट लावला. आपाचा डबा मांडीवर घेतला नाही, पायाशी ठेवला.

शहर मागं पडल्यावर एक टेम्पो एकदम आडवा आला आणि ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला. पट्ट्यानं मला जागच्या जागी धरलं. डबा जरा सरकला, पडला नाही. धडक झालीच नाही. पण माझा उजवा हात मधल्या रिकाम्या सीटवर आडवा धरलेला होता, आणि ड्रायव्हर मागं वळून बघत होता, कारण मी मोठ्यानं विचारलं होतं, "आपा, तुला कुठं लागलं का गं?"