दारात कुणी नसताना

मानवी शरीर हा अभेद्य किल्ला आहे, असं डॉक्टरांच्या भिंतीवरच्या तक्त्यात सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. त्याच्याखाली बसून ते माझ्या बायकोला तिचा रक्ताचा कॅन्सर समजावत होते. रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या ‘बी’ पेशींच्या अंगावर काही रेणू असतात. बाहेरचा जंतू त्यांना चिकटला की आत निरोप जातो आणि पेशी वाढू लागते. हिच्या पेशींत जंतू नसतानाच निरोप जातोय.

"म्हणजे आमच्या बेलसारखंच," ही म्हणाली. "दारात कुणी नाही आणि वाजतेय. यांना कधीची सांगतेय, वायर काढून टाका."

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "ही गोळी तेच करते."

"आणि खरंच कुणी आलं तर?"

"तेही नीट कळणार नाही. म्हणून ताप आला की लगेच फोन करा."

रिक्षात मला काही वाटत नव्हतं. निरोप खरा की खोटा हे पेशीला कळत नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. मीही बेल वाजली की दर वेळी उठत होतोच.

घरी आल्यावर तिने पहिली गोळी घेतली. मी स्टुलावर चढून बेलची वायर काढली.

सकाळी दूधवाला बटण दाबून निघून गेला. आम्ही कोरा चहा प्यायलो.